नववी पट्टी

मी पेटीवाला.
भाता, सूर, कमान, एवढंच माझं शिक्षण.
मूर्तिजापुरात स्टेशनामागे दुकान,
भजनी मंडळांच्या पेट्या, शाळेची एक, कव्वालांच्या दोन.

धामणखेडच्या मिशन दवाखान्यात पियानो आला
तेव्हा बोलावणं मलाच.
शकुंतलेतून उतरवला, पुढे बंडीवर.
नाल्यात चाक रुतलं तेव्हा
तो म्हणे आतल्या आत वाजला
आणि बैल बुजले.

झाकण उघडलं. तारा. दोनशेच्या वर तारा,
कोष्ट्याच्या मागावर सूत ताणावं तशा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जमेल ना?"
"न जमायले काय झालं?"
आणि डावीकडून नववी,
तांब्याच्या वेढ्याची, एकटी तार
पहिल्याच पिळाला तुटली.
गालावर वण आहे अजून.
बाईंना सांगितलं, प्रवासात गेली.

कलकत्त्याहून मागवावी लागेल, म्हणालो.
पुढच्या महिन्यात, म्हणालो.
अकरा वर्षं म्हणालो.
मधे एकदा मोटर वाइंडिंगवाल्याचं तांबं
सायकलच्या ब्रेकवायरला गुंडाळून पाहिलं.
चिखलात म्हैस बसल्यासारखा आवाज.
काढून टाकलं.

बाकी चाकरी इमानानं केली.
वैशाखात लाकूड तडकू नये म्हणून
पोटात पाण्याचे वाडगे ठेवले,
उधईला रॉकेल पाजलं,
हातोड्यांची लोकर उंदरांनी नेली
तेव्हा धनगराच्या घोंगडीचे तुकडे चिकटवले.
म्हणून त्याचा आवाज
थोडा काळा, थोडा मेंढरांचा.

नर्स तायडेबाईंची निरुपमा त्यावर शिकली.
पाय पोचेनात, तर औषधाच्या खोक्यावर टेकून.
बोट नववीपाशी यायचं,
लाकूड खट् करायचं,
आणि पोरगी थांबायची एवढीशी,
न वाजलेला सूर पुरता ऐकूनच पुढे निघायची.
"काय आयकतं वं?"
"तिथला," म्हणाली,
जसा काही मीच बहिरा.

मग नागपूर, मग मुंबई,
मग जिथे बर्फ पडतो ती गावं.
तायडेबाई कार्डं वाचून दाखवायच्या:
इथला पियानो काळा आहे, आरशासारखा.
इथे सगळ्या पट्ट्या वाजतात, काकांना सांग.

एकदा कॅसेट आली.
दुकानात लावली. डावा हात खाली खाली उतरला
आणि नववीच्या आधी
ती थांबली. एवढीशी.
पाकिटावर कुण्या जाणकाराचं छापलेलं,
कंपाउंडरनं मराठी करून सांगितलं:
मंद्रातली ही वाट पाहणं
दुसऱ्या कुणाच्या हातात नाही.
मी टेप बंद केला.
समोर गिऱ्हाईक भाता फाटलेली पेटी घेऊन उभं होतं,
त्याला म्हटलं, उद्या ये.

बाई गेल्या. दवाखाना बंद पडला.
निरुपमा कबरीवर येणार असं कळलं
तेव्हा सत्तरी ओलांडलेली मी,
हावडा मेलनं गेलो, जनरलच्या डब्यात.
तीन गल्ल्या, पाच दुकानं, एक तार.
बसवताना हात थरथरला
पण पिळ मोजून दिले.

ती आली. केस पांढरे,
उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली.
स्टूल पुसून ठेवलं होतं, बसली नाही.
गोधड्या बाजूला केल्या,
डावीकडून मोजत गेली, ओठांत,
आणि दाबली.

वाजली.
रिकाम्या खाटा, खिडकीची जाळी,
माझ्या बरगड्या, सगळ्यांतून गेली.
कितीतरी वेळ विझतच नव्हती.
बाहेर ऑटोवाला हॉर्न देत होता.
आम्ही दोघं शेवटपर्यंत उभे.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे गालाकडे.
"जरासाक उतरला हाये, काका."

मी पिशवीत हात घातला,
चावी शोधायला.